कॉलरवालीचा पहिला शर्ट

मी दवाखान्यात नावं पुकारण्याचं काम करते. सकाळपासून काचेच्या खिडकीमागे बसायचं, कागदावरचं नाव वाचायचं आणि बाकांवरच्या गर्दीतून तो माणूस उठेपर्यंत ओरडायचं. त्यामुळे कामावरून सुटले की मी कुणाचंही नाव घेत नाही. दादाला दादा म्हणते, वहिनीला वहिनी, आणि बाकीच्यांना त्यांच्या कामावरून ओळखते. राग मात्र घरी घेऊन येते. तो खिडकीपाशी ठेवून येता येत नाही.

माझी वहिनी शर्टांच्या कारखान्यात होती. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हाही होती आणि कानांपाशी केस पांढरे झाले तेव्हाही होती. तिथे ती कॉलरच्या टेबलावर बसायची. आत बक्रमचं कडक अस्तर घालून कापडाची दोन पानं एकमेकांवर ठेवायची, कडेनं टीप मारायची, उलटायची, टोकं बाहेर काढायची, इस्त्रीकडे सरकवायची आणि पुढची घ्यायची. दोन्ही टोकं तंतोतंत सारखी हवीत. एका धाग्याचा फरक पडला तरी अख्खा गठ्ठा परत यायचा आणि सुपरवायझरबाई चारचौघींत तोंडसुख घ्यायच्या. वहिनीचा गठ्ठा परत आलेला कुणाला आठवत नाही. तिला कारखान्यात ‘कॉलरवाली’ म्हणायचे आणि त्या म्हणण्यात मान असायचा. आता कॉलर ताठ असण्याचा जो विनोद तुमच्या ओठांवर आला असेल, तो दादानं आमच्या घरात इतक्यांदा केलाय की त्यावर बंदी घालावी लागली.

मग कारखान्यात एक यंत्र आलं. एका बाजूनं कापड घातलं की दुसऱ्या बाजूनं कॉलर बाहेर. वहिनीला सांगण्यात आलं की यंत्राच्या तोंडाशी उभं राहून कापड सरकवत राहा, पगार तोच राहील. त्या दिवशी ती घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “पोटच्या पोरालासुद्धा कुणी इतकं भरवत नाही. हे धूड मी भरवणार नाही. मी माझं दुकान काढते.”

“काढ,” दादा म्हणाला. दादाचं बोलणं नेहमीच एवढं असतं. घरातलं उरलेलं बोलणं मी बोलते. तेव्हाही बोलले. चालू नोकरी सोडून कुणी दुकान काढतं का, गिऱ्हाईक कुठून आणणार, आजारी पडलीस तर शटर कोण उघडणार. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि कारखान्याकडून मिळालेले पैसे घालून आमच्याच इमारतीच्या जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली.

तिथे आधी एक छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. छताला त्याचे आकडे तसेच होते आणि छत म्हणजे जिन्याची खालची बाजू, त्यामुळे आत शिरलेल्या माणसाला दोन पावलांनंतर मान खाली घालावी लागायची. वर कुणी चढलं-उतरलं की ठोक ठोक आवाज यायचा आणि बारीक धूळ पडायची. वहिनीनं आकड्यांना जुनी चादर ताणून बांधली, खाली शिलाई मशीन मांडलं, भिंतीला आरसा लावला आणि दारावर पाटी टांगली. ‘येथे शर्ट शिवून मिळतील.’ पाटीची अक्षरं तिनं स्वतः रंगवली होती. सगळी कशी एका उंचीची, एका रांगेत.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती ऐकली की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. माझ्या वहिनीनं आयुष्यात एकही शर्ट शिवलेला नव्हता. तिनं कॉलरी शिवल्या होत्या. बाह्या दुसरं टेबल करायचं, कफ तिसरं, काजं चौथं. कॉलरींचा गठ्ठा ट्रॉलीवर चढला की तो तिच्या आयुष्यातून गेला. घरी तर ती सुईला हातही लावत नसे. “दिवसभर तेच करते, आता घरीही करू?” म्हणायची, आणि आमच्या घरातली बटणं दादा लावायचा. शर्टांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला शर्ट येत नसेल, ही शंका दादाला आली नाही, मला आली नाही. खरी कमाल म्हणजे तिलाही आली नाही.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या इमारतीतले व्हायोलिनमास्तर. शिडशिडीत, नाकावर राग असलेले गृहस्थ. मुलांना व्हायोलिन शिकवतात आणि त्यांच्या शिकवण्यापेक्षा त्यांचं रागावणं जास्त ऐकू येतं. त्यांना तयार शर्ट कधीच नीट बसत नसे. बहिणीनं परदेशाहून पाठवलेलं निळसर कापड ते जपून ठेवून होते. ते त्यांनी वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाले, “कारखान्यातल्या आहात म्हणून विश्वासानं देतोय.”

वहिनीनं माप घेतलं, कापड बेतलं, कापलं, शिवलं. मास्तरांना द्यायच्या आधी दादाला म्हणाली, “अहो, जरा घालून बघा, तुमची अंगकाठी तीच आहे.” दादानं शर्ट घातला. कॉलर काय सांगू! एखाद्या मंत्र्याच्या गळ्याशी शोभावी अशी. तिच्याखाली मात्र सगळा आनंदीआनंद होता. पाठीला फुगा आला होता, पोटाशी बटणं ओढली जात होती आणि उजवी बाही डावीकडे लागल्यामुळे दादाचे दोन्ही हात आपोआप मागे जात होते. तो तसाच उभा राहिला. वहिनी त्याच्याभोवती फिरून आली.

“मानेपाशी एकदम उत्तम आहे,” दादा म्हणाला.

मी हसले. मला हसू आवरेना. मग वहिनीकडे बघितलं आणि गप्प झाले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. स्वतःच्याच घरात वाट चुकलेल्या माणसासारखी ती त्या शर्टाकडे बघत होती. “वन्सं,” ती मला म्हणाली, “मला शर्ट येत नाही हो.”

दुसरी कुणी असती तर शिलाई बिघडली, कापड आटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. वहिनी तो शर्ट घेऊन मास्तरांच्या दारात गेली आणि खरं ते सांगून टाकलं. मास्तर एवढे भडकले की आमच्या जिन्यापर्यंत ऐकू आलं. “येत नाही? मग पाटीवर काय लिहिलंय? माझ्या बहिणीनं पाठवलेलं कापड होतं ते!” वहिनी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन जवळपास त्याच रंगाचं चांगलं कापड घेऊन आली. मास्तरांनी ते घेतलं नाही. “कापड नको आणि तुमचा शर्टही नको,” म्हणाले. कापड कागदात गुंडाळून फळीवर पडलं. मी मास्तरांशी भांडायला निघाले होते, चपलाही घातल्या होत्या. वहिनीनं मला दारातच धरलं. म्हणाली, “त्यांचं काय चुकलं?”

मग तिनं पाटी उतरवली, उलटी केली आणि मागच्या बाजूवर नवी अक्षरं रंगवली. ‘कॉलर बदलून मिळेल.’ ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाटी वाचायचा आणि काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. वहिनी मात्र मान वर करून मशीनवर बसली. त्या छताखाली जेवढी वर करता येईल तेवढी.

धंदा म्हणजे काय, हे मला तेव्हा जवळून बघायला मिळालं. दवाखान्यातून सुटले की मी तिच्यापाशी जाऊन बसायची. नोकरीत जेवणाची सुट्टी असते. धंद्यात डबा उघडला रे उघडला की गिऱ्हाईक येतं, आणि डबा बंद करून हात पुसेपर्यंत निघून जातं. इतर वेळी कुत्रंही फिरकत नाही. डोक्यावर साहेब नाही म्हणून पहिले काही दिवस ती खुशीत होती. मग तिला ताप आला तेव्हा लक्षात आलं की सुट्टी मागायलाही कुणी नाही. ओळखीपाळखीचे लोक पँट घेऊन यायचे, “तेवढी खालची दुमड मारून दे गं, तुला काय, दोन मिनिटांचं काम,” आणि त्या दोन मिनिटांचे पैसे द्यायची वेळ आली की त्यांना घाईचं काम आठवायचं. एका बाईला मी हिसका दाखवला. वहिनी मलाच रागावली. पण ती बाई पुढच्या वेळी पैसे देऊन गेली, हेही सांगून ठेवते.

कॉलरींचं काम वाढलं ते दादामुळे. दादा घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचतो. शर्टाची कॉलर आधी विरते, बाकी शर्ट धडधाकट असतो. वहिनीनं त्याच्या सगळ्या जुन्या शर्टांना नव्या कॉलरी लावल्या. नळाच्या तक्रारी सांगता सांगता कुणी कॉलरबद्दल विचारलं की दादा मानेला हात लावून सांगायचा, “बायकोनं लावलीय.” लोक जुने शर्ट पिशव्यांत भरून आणायला लागले. भाडं निघायला लागलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

वहिनी खूश नव्हती. एकदा मशीन थांबवून म्हणाली, “तिथेही कॉलर, इथेही कॉलर. फक्त तिथे पंखा होता.” मी म्हटलं, “अगं, पण धंदा चाललाय ना?” ती म्हणाली, “चाललाय. पण वन्सं, मला एक आख्खा शर्ट करायचाय. गळ्यापासून खालपर्यंत माझा. नाहीतर मी त्या कारखान्यातून बाहेर पडले असं कसं म्हणू?”

तेव्हा मला कळलं की घोडं कुठे अडलंय.

रविवारी तिनं बाहीवालीला बोलावलं. बाहीवाली म्हणजे कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. तिनं वहिनीला बाही कशी चढवायची ते दाखवलं. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापाचा, पुढचा भाग जास्त खोल असतो, म्हणून बाहीची पुढची बाजू ओळखायची, बोटांनी थोडी सैल सोडत न्यायची. पुढच्या रविवारी ती कफवालीला घेऊन आली, त्याच्या पुढच्या रविवारी काजवालीला. चौघी त्या उतरत्या छताखाली डोकी वाकवून बसायच्या आणि एवढ्या खिदळायच्या की वर जिना चढणारे लोक थांबून ऐकायचे. मग कापायची वेळ आली आणि खिदळणं बंद झालं. कापड बेतायचं कसं, हे चौघींपैकी एकीलाही येत नव्हतं. कटिंग वरच्या मजल्यावर व्हायचं आणि तिथे यांच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं. चार बायका, लाखो शर्ट हातांखालून गेलेले, आणि शर्ट अडला तो कात्रीपाशी. बाहीवाली म्हणाली, “आपण सगळ्या मिळूनही अर्ध्याच आहोत की गं.”

मग वहिनीनं दादाचा सगळ्यात चांगला शर्ट घेतला आणि टीप-टीप उसवला. त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरले, कडेनं पेन्सिल फिरवली, कागद कापले, त्यावरून जुन्या चादरींचं कापड कापलं आणि शिवलं. बिघडलं की उसवलं. दादा कामावरून आला की त्याला आरशासमोर उभं करायची. त्या बिचाऱ्याला एवढ्या टाचण्या टोचल्या, पण त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. एकदा फक्त म्हणाला, “अगं, माझा उसवलेला शर्ट परत शिवणार आहेस ना?” शिवला तिनं. चादरीचे शर्ट हळूहळू अंगावर बसायला लागले. म्हणजे दादाच्या अंगावर. दादाचं अंग कारखान्याच्या मापात चपखल बसणारं आहे.

अशातच एक दिवस सुपरवायझरबाई दुकानात आल्या. त्यांना सवय नसल्यामुळे त्यांचं डोकं छताला लागलं, आणि मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही. यंत्राच्या कॉलरी परत येत होत्या. टोकं बोथट येत होती. कारखान्याला पुन्हा कॉलरचं टेबल मांडायचं होतं, नव्या मुलींना शिकवायला कुणीतरी हवं होतं. “माझ्या बरोबरीची खुर्ची मिळेल,” बाई म्हणाल्या, “पगारही जास्त. सोमवारी सकाळपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरी बघते.”

त्या गेल्यावर वहिनीनं मशीनवरचं कापड नुसतंच पुढे-मागे केलं. मान होता, खुर्ची होती, आजारी पडली तर सुट्टी होती. नको म्हणायला काही कारणच नव्हतं. मी पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. तीच म्हणाली, “वन्सं, एका परक्या माणसाला माझा शर्ट बसला तर मी इथे राहीन. नाही बसला तर सोमवारी जाईन, आणि मग तुम्ही मला काही बोलायचं नाही.”

“परका माणूस कुठून आणणार आहेस?”

परका माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. व्हायोलिनमास्तर. दारात उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही, हातातला जुना पांढरा शर्ट पुढे केला. “रविवारी माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. कॉलर बदलून मिळेल, असं लिहिलंय. मिळेल ना?”

वहिनीनं शर्ट उजेडात धरला. कॉलर डावीकडेच विरली होती, उजवी बाजू नव्यासारखी. तिनं बोट फिरवलं. “ही लाकडानं घासून घासून विरलीय,” ती म्हणाली. मग फळीवरचं कागदाचं पुडकं काढलं. “मास्तर, तुमचं कापड माझ्याकडे पडून आहे. कॉलर नको, शर्ट देते.”

“पुन्हा?” मास्तर एक पायरी मागे सरकले.

“पुन्हा. नाही बसला तर सोमवारपासून मी कारखान्यात. ही पाटी तुम्हाला रोज बघावी लागणार नाही.”

“ही धमकी आहे की आश्वासन?”

“ते तुम्ही शर्ट घालून ठरवा,” वहिनी म्हणाली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी दवाखान्यात उशिरा येणाऱ्यांकडे बघते तसं त्यांच्याकडे बघितलं. ते आत आले आणि मापाला उभे राहिले.

शुक्रवारी दुपारी कच्चा शर्ट त्यांच्या अंगावर चढला. मास्तर आरशात बघून म्हणाले, “निदान या वेळी हात पुढच्या दिशेला जातायत.” ते खरं होतं. बाह्या बरोबर होत्या, पाठ बरोबर होती. पण डाव्या खांद्यावर सगळं कापड गोळा झालं होतं, कॉलरचं डावं टोक वर चढून बसलं होतं आणि मास्तर सारखं डावीकडून कॉलरमध्ये बोट घालून ती खाली ओढत होते. वहिनीनं पुन्हा माप लावून बघितलं. माप चुकलेलं नव्हतं. ती स्टुलावर बसली. “सगळं बरोबर आहे,” ती हळूच म्हणाली, “आणि बसत नाहीये.” मला सोमवार दिसायला लागला.

मास्तरांनी शर्ट उतरवला, आपला घातला आणि कोपऱ्यात ठेवलेली व्हायोलिनची पेटी उचलली. आणि बघता बघता त्यांचा डावा खांदा वर आला. पेटी उजव्या हातात होती, तरी खांदा डावा उचलला गेला. वाद्य जवळ आलं की शरीराला सवयच तशी लागलेली. वहिनी स्टुलावरून ताडकन उठली आणि डोकं छताला आपटून घेतलं. “मास्तर, ते बाहेर काढा. धरा. वाजवताना धरता तसं.”

“इथे?”

“इथेच. वाजवू नका हवं तर.”

मास्तर अवघडून, मान वाकवून उभे राहिले, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, आणि वहिनीनं पुन्हा माप घेतलं. या वेळी डाव्या खांद्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. कारखान्यात माणसं नव्हती, साइझ होत्या, आणि साइझचे दोन्ही खांदे सारखे असतात. ती मापं घेत होती आणि तोंडानं पुटपुटत होती, “असं आहे होय. असं आहे होय.”

खांदे तिनं शनिवारी सकाळीच नीट केले. अडली ती कॉलरपाशी, जिच्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मास्तरांच्या मानेला डावीकडची पट्टी बुटकी हवी होती आणि डावं टोक थोडं आखूड. म्हणजे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाकडी कॉलर करायची होती, मुद्दाम. तिनं कापली. टेबलावर ठेवून बघितली तर दोन्ही टोकं सारखी. हातानं तिच्या नकळत सारखी करून टाकली होती. पुन्हा कापली. पुन्हा तेच. इतकी वर्षं एका धाग्याचाही फरक पडू न दिलेले हात, ते ऐकेनात. “माझेच हात आहेत ना हे?” ती चिडून म्हणाली. तिला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि या बाबतीत मला थोडंफार कळतं.

मग तिनं कापड पुन्हा सरळ पसरलं आणि उजव्या अर्ध्या भागावर दादाचा मोठा रुमाल टाकला. “वन्सं, हा घट्ट धरून ठेवा. मला दिसता कामा नये.” मी दोन्ही हातांनी रुमाल दाबून धरला आणि तिनं फक्त डावी बाजू कापली. मग रुमाल डावीकडे आणि कात्री उजवीकडे. शिवतानाही तसंच केलं. टोक उलटताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटी रुमाल काढला तेव्हा टेबलावर एक वाकडी कॉलर होती. दादा चहा घेऊन आला, त्यानं बघितलं, दबकत म्हणाला, “अगं, टोकं...”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “ठेवा चहा.”

रविवारी सकाळी मास्तर आले. वहिनीनं शर्ट दिला आणि पाठ फिरवून फळीवरची रिळं नीट लावायला लागली. ती रिळं आधीच नीट होती. मी आणि दादा दाराशी. मास्तरांनी बटणं लावली, खालपासून वर, आणि आरशासमोर उभे राहिले. कॉलर सरळ होती. टेबलावर वाकडी असलेली ती कॉलर त्या माणसाच्या गळ्याशी अगदी सरळ बसली होती, दोन्ही टोकं एका रेषेत. डाव्या खांद्यावर एक सुरकुती नव्हती. मग त्यांनी पेटी उघडली, व्हायोलिन काढलं, हनुवटीखाली घेतलं आणि वाजवायला लागले. काय वाजवलं ते मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. वाजवून झालं, हात खाली आला, आणि कॉलरकडे गेला नाही.

“दुसरा कधी मिळेल?” मास्तरांनी विचारलं. “दुसरा म्हणजे, दोन हवेत. एक पांढरा.”

“पंधरा दिवसांनी,” वहिनी फळीकडे बघतच म्हणाली. “हातात कामं आहेत.” सोमवारचं उत्तर मला तिथेच मिळालं. दादानं न सांगता पाटी उतरवली, फडक्यानं पुसली आणि पहिली बाजू बाहेर करून टांगली.

मास्तर जुना शर्ट पिशवीत घालून, नवा तसाच अंगावर ठेवून निघाले. वहिनी त्यांच्यामागे बाहेर आली आणि दारापुढच्या पायरीवर उभी राहिली. रस्ता लांबवर सरळ जातो आणि मग कोपऱ्यावर वळतो. मास्तर त्या रस्त्यानं चालत होते, पेटी हातात, निळसर शर्ट उन्हात. शेजारची एक बाई त्यांना काहीतरी बोलली, ते थांबले, मागे वळून आमच्या जिन्याकडे हात केला, पुन्हा चालायला लागले. वहिनीची नजर हलली नाही. “वन्सं,” ती म्हणाली, “माझ्या कॉलरी नेहमी ट्रॉलीवरून जायच्या. पुढे त्यांचं काय व्हायचं ते मी कधी बघितलंच नव्हतं. हा बघा ना. चालतोय.”

मला हिचा अभिमान वाटतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. आणि मी, जी कामावरून सुटल्यावर कुणाचं नाव घेत नाही, त्या पायरीवर उभी राहून वहिनीचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट, खिडकीमागून पुकारते तसं, गल्लीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं. खिडक्या उघडल्या. मास्तरसुद्धा कोपऱ्यावर थबकले.

“अहो वन्सं, ओरडता काय?” वहिनी दचकून म्हणाली. “इथेच तर आहे मी.”

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा पुकारलं.